तारेचा ताण

कारूच्या माळावर पेट्रोलची गाडी चालत नाही.
ठिणगी पडते, आणि ती ठिणगी
आभाळाला लावलेल्या कानात ओरडते.
म्हणून आम्ही डिझेलच्या ट्रकमधून येतो,
फाटकापाशी फोन बंद करून:
येफ्ता अपॉलिस, वय एकोणसत्तर, माझा बाप,
आणि मी, रोझेलीन, त्याची थोरली,
जी शिकली, आणि शिकून
पुन्हा याच मुरमाड रानात आली.

चाळीस वर्षं त्यानं कुंपणं घातली.
मेंढ्या दुसऱ्याच्या, जमीन दुसऱ्याची,
तार तेवढी याच्या हातची.
पकडीनं ताणायची, नखानं टिचकी द्यायची,
कान लावायचा. बोलली, की बास.
मग जमिनी विकल्या गेल्या. मेंढ्या गेल्या.
कुंपणं उपटायचं कामही त्यालाच मिळालं.

आता तो वाडगे विणतो.
लाकडी खांब, प्लास्टिकचे नळ,
खुराड्याला असते तसली जाळी,
चौदा मीटर रुंद, तोंड वर.
"यात पडणार काय?" त्यानं पहिल्या दिवशी विचारलं.
उजेड, मी म्हटलं. फार जुना.
"पाऊस म्हणाली असतीस तर बरं झालं असतं."

जेवणाच्या सुट्टीत, खांबाच्या चिंचोळ्या सावलीत,
मी त्याला सांगते.
आधी सगळं जवळ होतं, पा.
इतकं, की जवळ म्हणायलाही जागा नव्हती.
"मग फुटलं?"
फुटलं नाही. फुटायला बाहेर काहीतरी लागतं.
ताणलं गेलं. सगळीकडे, एकदम.
"मधला खांब कुठला?"
मधला खांब नाही.
पाव मोडता मोडता तो थांबला.

मग निवलं. धुकं फाटलं,
उजेड मोकळा सुटला, आणि त्याच्यामागे
लांबच लांब रात्र,
कारण दिवा लावणारं अजून कोणी जन्मलं नव्हतं.
बहुतेक हायड्रोजनच. राखसुद्धा नाही.
राखेला आधी काहीतरी जळावं लागतं.
"एवढ्या काळोखात तो करत काय होता?"
कुजबुजत होता. एक लाट, वीतभर.
तीच यायची आहे आपल्या जाळीत.
निघाली तेव्हा वीतभर,
पोचेल तेव्हा दोन पुरुष लांब.
आणि जिथे कुजबुज तुटेल, तिथे समजायचं,
पहिला तारा पेटला.

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "ताणलेली तार उंच बोलते.
तुझी लाट ताणली, तर खाली कशी उतरली?"
केपटाऊनच्या चार वर्षांत
हे मला कोणी विचारलं नव्हतं.
तार नाही ताणली, पा, मी म्हटलं.
तारेवरचा सूरच लांबला.
त्यानं मान हलवली.
पटलं म्हणून नव्हे, चहा निवत होता म्हणून.

तारे जमले कसे, तेही सांगितलं:
सगळं सारखं पसरलेलं,
फक्त लाखात एक भाग इथे जास्त, तिथे कमी.
तेवढ्या वाकडेपणावर सगळं उभं राहिलं.
"मी चाळीस वर्षं सरळ कुंपण घातलं,"
तो मिशीतल्या मिशीत म्हणाला,
"काही उभं राहिलं नाही."

त्याच्या पकडीतलं लोखंड
कुठल्याशा ताऱ्यात शिजलंय,
हे मी बोलले नाही.
पक्कड त्याच्या बापाची आहे,
तेवढं जुनं त्याला पुरतं.

दुपारी मागे राहिलेला एक म्हातारा मेंढा
सातव्या वाडग्याच्या खांबाला पाठ घासत होता.
पा गेला, शिंग धरून त्याला बाहेर काढलं,
आणि परत येताना सवयीनं
जाळीच्या तारेला टिचकी मारली.
ऐकलं. पुन्हा मारली.
दोन वेटोळी आवळली.
मग मान वर करून
वाडग्याकडे नाही, वाडगा बघतो तिकडे
पाहिलं जरा. भरदुपारी.
निळ्याशिवाय तिथे काही नव्हतं.

संध्याकाळी फाटक ओलांडलं, फोन चालू केला.
डोंगर उतरल्यावर, गावाच्या दिव्यांपाशी,
तो एकदम सात वेळा वाजला.
सातही निरोप सालोमी आत्याचे, सकाळचे:
मीठ संपलंय. येताना आणा.
शेवटच्यात नुसतं, ऐकताय ना?
दुकानाची फळी कधीच लागली होती.
पा म्हणाला, "हो म्हणून कळव तरी."